आदल्या दिवशीच्या शुभेच्छा

मारिव्हिक गुरुवारी बोलली, तिथेच घोळ झाला. तेच शुक्रवारी बोलली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

फिलिपिन्समधल्या इलोइलोहून ती वुपरटाल या जर्मन शहरातल्या एका वृद्धाश्रमात नर्स म्हणून आली, त्याला पाच महिने झाले होते. नोकरी कच्ची, सहा महिन्यांची. सोमवारी तिचा कागद फॉग्टबाई भरणार होत्या, म्हणजे मजल्याच्या हेडबाई. पक्की झाली तर नऊ वर्षांच्या लेकीला इकडे आणता येणार होतं, नाहीतर हिनंच बोचकं बांधायचं. त्यामुळे बिचारी जीव मुठीत धरून वागायची. पण वागायचं म्हणजे नेमकं कसं, हेच तिला कळेना. इथे कडाक्याच्या थंडीतही रोज सकाळी खिडक्या सताड उघडायच्या. रिकाम्या बाटल्या खालच्या कचरापेटीत टाकायला रविवारी गेली, तर तिसऱ्या मजल्यावरून एक बाई खेकसली, की काच फुटल्याचा आवाज रविवारी चालत नाही. शनिवारी चालतो. आता काच काय वार बघून फुटते? पण मारिव्हिकनं मान हलवली आणि बाटल्या घेऊन परत वर आली.

तर, आश्रमातल्या ब्रिंकमानसाहेबांना शुक्रवारी नव्वद वर्षं पूर्ण होणार होती. शुक्रवारी हिला सुट्टी. म्हणून गुरुवारी ड्यूटी संपवून ती मुद्दाम त्यांच्या खोलीत गेली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "उद्या मी नाहीये, म्हणून आजच देते. वाढदिवसाच्या खूप खूप शुभेच्छा, साहेब. शंभरी गाठा."

तिच्या गावात अशा ॲडव्हान्समध्ये शुभेच्छा द्यायची पद्धतच आहे. आधी देणाऱ्याला जास्त माया, असं समजतात.

म्हाताऱ्यानं हात काढून घेतला. चेहरा पांढराफटक पडला.

"बाहेर व्हा," ते म्हणाले.

ब्रिंकमानसाहेबांनी चाळीस वर्षं शहरातली ती वरच्या रुळाला लटकत धावणारी गाडी चालवली होती. गाडी उशिरा आली तर लोक वाट बघतात, पण वेळेआधी सोडली तर माणूस मागे राहतो, असं ते जेवताना सगळ्यांना ऐकवायचे. त्या संध्याकाळी ते जेवलेच नाहीत. ब्रेडला शिवले नाहीत, चहा गार झाला, आणि जो कुणी आत येईल त्याला सांगत सुटले, "उद्याचा दिवस काही मी बघत नाही आता. त्या बाईनं वाट लावली."

फॉग्टबाईंनी मारिव्हिकला ऑफिसात बोलावलं.

"काय केलंत हे?"

"शुभेच्छा दिल्या, बाई."

"आदल्या दिवशी?"

"उद्या सुट्टी आहे ना माझी."

"मग परवा द्यायच्या. आठवड्यानं दिल्या तरी चालतात. आधी देत नाहीत. अपशकुन असतो."

मारिव्हिक चक्रावली. तिच्या कपाटातली बाळ येशूची मूर्ती बघून याच बाई गालात हसल्या होत्या.

"तुमचा विश्वास आहे यावर?" तिनं भीत भीत विचारलं.

"माझा? छे." फॉग्टबाईंनी चष्मा पुसला. "पण देत नाहीत. आता ते म्हणतात, ही बाई माझ्या खोलीत नको. सोमवारी मी काय लिहू, सांगा."

घरी जाताना मारिव्हिकला रडू आलं. भलं चिंतलं आणि माणूस मारल्याचा आळ आला. आणि म्हातारा खरंच रात्रीत गेला तर? नव्वदीचं शरीर, त्याला कारण थोडंच लागतं. पण खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार हे ठरलेलं होतं.

शुक्रवारी ती घरी बसूच शकली नाही. सकाळी बाजारातून नूडल्स आणल्या, लसूण, कोबी, कोळंबी घालून परतल्या, मोठा डबा भरला आणि दुपारी कॉफीच्या वेळेला आश्रमात पोचली. दारातूनच तिनं आधी बघितलं, म्हातारा आहे की नाही.

होता. टाय लावून बसला होता आणि स्वतःच्या पैशानं आणलेला केक सगळ्यांना वाढत होता. इथे ज्याचा वाढदिवस त्यानंच खर्च करायचा. मारिव्हिकचा जीव भांड्यात पडला.

"तुम्हाला सुट्टी आहे ना?" ब्रिंकमानसाहेबांनी विचारलं.

"आहे. पण आज शुक्रवार आहे. आज चालतं ना?"

तिनं डबा उघडला. "आमच्याकडे वाढदिवसाला हे लागतंच."

लसणाच्या वासानं त्यांनी नाक मुरडलं, पण बशी पुढे केली. तिनं वाढलं. त्यांनी रीतसर रुमाल मांडीवर घेतला, डाव्या हातात काटा, उजव्या हातात सुरी, आणि नूडल्सचे बारीक तुकडे करायला सुरी आडवी धरली.

"कापू नका!"

मारिव्हिकनं त्यांचं मनगटच धरलं होतं. पाच महिन्यांत तिचा आवाज चढलेला कुणी ऐकला नव्हता.

"का?" ब्रिंकमानसाहेब म्हणाले.

"ते लांबच खायचं असतं. जेवढं लांब, तेवढं आयुष्य. कापलं की..." पुढे तिला बोलवेना.

"यावर तुमचा विश्वास आहे?" टेबलाशी बसलेल्या फॉग्टबाईंनी विचारलं.

नाही म्हणणं सोयीचं होतं. सोमवार तीन दिवसांवर होता.

"आहे," ती म्हणाली. "पूर्ण आहे. काल रात्रभर मी यांच्यासाठी प्रार्थना करत होते, आणि हे आता माझ्यासमोर कापायला निघालेत."

ब्रिंकमानसाहेबांनी सुरी बाजूला ठेवली. एक लांबच लांब नूडल काट्यावर उचलली आणि ओढत राहिले. संपता संपेना. हनुवटी तेलकट झाली, टायवर डाग पडला, पण मध्ये तोडली नाही. मग दुसरी घेतली.

बशी रिकामी झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं.

"फॉग्टबाई, पुढल्या वर्षी माझा वाढदिवस शनिवारी येतो. त्या दिवशी यांना सुट्टी देऊ नका."

मारिव्हिकला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिनं फॉग्टबाईंकडे बघितलं. बाई हसत होत्या. तिचे डोळे भरून आले, ती आभार मानायला पुढे झाली, तोच बाईंनी बोट ओठांवर ठेवलं.

"आज नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारी."