पुलापुढचा रस्ता

“कॅल्क्युलेटरातलं सगळं पुसा आणि पडदे वर धरा,” मिस्टर कोवाल म्हणाले, आणि वर्गाने एकदम उसासा टाकला.

त्रिकोणमितीची परीक्षा असली की हे ठरलेलंच. कॅल्क्युलेटरात कुणी सूत्रं लपवू नयेत म्हणून आधी त्याची मेमरी पुसायची आणि ‘मेमरी पुसली’ ही पाटी त्यांना दाखवायची. सूत्रांबरोबर आमचे खेळही जात. मागच्या खेपेला कर्टिसने तशीच हुबेहूब पाटी दाखवणारा प्रोग्राम चालवला होता. कोवालनी येऊन एकच बटण दाबलं. खरी पाटी नुसती नाहीशी होते. कर्टिसच्या पडद्यावर, कुठलाही प्रोग्राम संपला की येतं तसं, ‘काम झालं’ असं उमटलं. मग त्याचंही काम झालं.

माझ्या पुढच्या बाकावर ग्रेचेन हॅलव्हर्सन बसायची. अख्खी शाळा कॅल्क्युलेटरवर खेळायची तो ‘टँकर’ हा खेळ हिनेच लिहिलेला, बसमध्ये, हातमोज्यांची बोटं कापून. दुधाचा टँकर बर्फातून न्यायचा, एवढाच खेळ. त्यातला रस्ता आमच्या बसचा, आणि तिच्या वडिलांचाही. पाठ कामातून जाईपर्यंत ते रोज त्या रस्त्याने टँकर नेत. आता खिडकीशी बसून हवेला नावं ठेवतात.

आज त्यांचा वाढदिवस होता. पुलापासून त्यांच्या अंगणापर्यंतचा शेवटचा टप्पा तिने सकाळीच पुरा केला होता, संध्याकाळी त्यांच्या हातात द्यायला. तो फक्त तिच्याच कॅल्क्युलेटरात होता. एकातून दुसऱ्यात खेळ पाठवायची केबल कुणीतरी नेमकी आजच घरी विसरला होता. शिवाय आज सगळ्याच वर्गांची परीक्षा, त्यामुळे खेळाच्या जुन्या प्रतीही कुठे उरणार नव्हत्या.

“खोटी पाटी चालव की,” कर्टिस कुजबुजला. “तूच तर दुरुस्त केलीस. आता ‘काम झालं’ येत नाही.”

“माझाच खेळ मी चोरून ठेवू? हट्!”

ती उठली आणि सरळ टेबलापाशी गेली.

“मिस्टर कोवाल, हा तुमच्याकडे ठेवा. मी पुसणार नाही. पेपर हाताने सोडवते.”

“कोष्टकं बघून? वेळ पुरायचा नाही तुला.”

“पुरेल.”

कोवालनी तिचा कॅल्क्युलेटर टेबलावर ठेवला, खणातून कोष्टकांचं जुनं पुस्तक काढलं, फुंकर मारली आणि तिला दिलं. ग्रेचेनला फार गर्व आहे, असं पोरी म्हणतात. आहेच. असावा.

पेपर अर्ध्यावर आला असताना कर्टिसच्या कॅल्क्युलेटरचे सेल संपले. त्याने हात वर केला. अशा वेळी कोवाल टेबलावरच्या खोक्यातून शाळेचा कॅल्क्युलेटर उचलतात, न बघता पुसतात आणि देतात. त्यांचे अंगठे ते आपसूक करतात. या वेळी हात खोक्याऐवजी शेजारी गेला. अंगठे चालले. कर्टिसच्या हातात कॅल्क्युलेटर आला, त्याच्या झाकणावर गाईचं चित्र चिकटवलेलं होतं.

कर्टिसचा चेहरा पडला. “मिस्टर कोवाल... हा ग्रेचेनचा आहे.”

कोवालनी पडद्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला. “ग्रेचेन, अगं, मी... सवयीने...”

तिची पेन्सिल थांबली. मान लालबुंद झाली. मला तर रडू फुटायच्या बेतात होतं.

“पेपर होऊ द्या,” ती म्हणाली. “मग बोलू.” आणि तिने पुढचं गणित घेतलं.

घंटा झाली तेव्हा तिचा पेपर पुरा होता. कोवाल दाराशी उभे होते. एवढा मोठा माणूस, पण हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं.

“मी काय करू, सांग.”

“सेल द्या. नवे.”

त्यांनी अख्खं पाकीट दिलं.

बसमध्ये ती पहिल्या ओळीपासून लिहायला लागली. ही बस कर्टिसची नव्हे, तरी तो चढला.

“कोठारानंतर डावं वळण,” तो म्हणाला.

“आधी गाय आडवी येते, गाढवा!” मी म्हटलं.

“मग घसरण. तिथे मी रोज मरायचो.”

“हळू सांगा रे,” ग्रेचेन म्हणाली. तिची बोटं थांबत नव्हती.

मागच्या बाकांवरूनही वळणं ओरडून सांगितली जात होती. त्या रस्त्यावर आम्ही इतक्या वेळा आपटलो होतो की तो सगळ्यांना पाठ होता. पण पुलापुढचं कुणालाच सांगता येईना. तिथे कुणी पोचलंच नव्हतं.

तिचा थांबा आला तेव्हा टँकर पुलावरच होता.

“आता काय गं?” मी विचारलं.

“पुढचं बाबा सांगतील,” असं म्हणून ती उतरली.

खिडकीत ते बसलेले दिसत होते. ग्रेचेन बर्फातून चालत अंगणात शिरली. कॅल्क्युलेटर तिने चालूच ठेवला होता.