खिशातला हात

मॅलकी स्काहिल आधी आमच्या जिल्हा परिषदेचा सदस्य होता, मग डब्लिनच्या संसदेत गेला. त्याची गाडी मी चालवायचो. भाषणं त्याला जमत नसत. मयताचं घर मात्र त्याने कधी चुकवलं नाही. आमच्याकडे मत तिथेच पक्कं होतं. आधी शवपेटीतल्या मयताच्या हाताला हात लावायचा, मग घरच्यांशी हस्तांदोलन.

निवडणूक तोंडावर होती. ऑनर लॉफ्टस वारली त्या दुपारी आणखी दोन घरं करायची होती. घाईत मॅलकी पेटी ठेवलेल्या आतल्या खोलीत आधी गेलाच नाही. दारापासूनच ओळीने हात मिळवत सुटला. खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीसमोर वाकून तो हसत काहीतरी बोलला. मला वाटलं, थकलाय.

मग तो आत गेला आणि पांढराफटक होऊन बाहेर आला.

गाडीत म्हणाला, "कोलमन, तपकिरी झग्यातली ती म्हातारी मला म्हणाली, 'आधी जिवंतांचे हात धरलेस ना? आता ज्याचा धरशील तो माझ्याकडे येईल.' पेटीत तीच आहे रे."

"जेवला नाहीस तू. उपाशी पोटी असं होतं."

त्या घरातून निघताना फाटकाशी पोस्टमन पेडरने त्याचा हात धरला होता. रविवारी पेडरची पेटी उचलली. मग पाद्रीबाबांची बहीण गेली; तिचाही हात त्याने धरला होता. मी म्हणालो, "म्हातारी माणसं, जायचीच." नंतर हर्लिंग खेळणारा धट्टाकट्टा फर्गल गेला. मॅलकीने कप देताना त्याच्याशी हात मिळवला होता.

तेव्हापासून मॅलकीचा हात खिशातून निघेना.

"अरे, हात दे लोकांना! खुर्ची जाईल," मी ओरडलो.

"जाऊ दे."

बाजारात बायका टोमणे मारत. "डब्लिनला जाऊन साहेब झाला बघ! आमच्या हाताला शेणाचा वास येतो ना रे, मॅलकी?" तो मान खाली घालून पुढे जायचा.

मतमोजणीत तो पडला. जिंकलेल्या अल्टन ब्रोडीने सगळ्यांसमोर हात पुढे केला. कॅमेरे वळले. मॅलकीचा दंड हलला, खिशात मूठ वळलेली दिसली. तो हसून नुसतं म्हणाला, "सांभाळ रे पोरा," आणि मागे सरला.

सभागृहभर हुर्यो उडाली. कुणीतरी त्याच्या पाठीवर थुंकलं.

गाडीत बसल्यावर त्याने काचेतून त्या ओरडणाऱ्या गर्दीकडे कितीतरी वेळ पाहिलं.

"सगळे धडधाकट आहेत ना रे?" त्याने विचारलं.

"आहेत."

"मग चल घरी."