बाईंच्या गुळण्यांचं पाणी

मित्रांनो, गाण्याच्या क्लासमागच्या चिंचोळ्या स्वयंपाकघरात, फ्रिजच्या डोक्यावर बसलेला पिवळट डबा म्हणजे मी, मायक्रोवेव्ह. कारखान्यातून निघालो तेव्हा दुधासारखा पांढरा होतो. आता एक थाप खाल्ल्याशिवाय माझं दारही लागत नाही. नवा होतो तेव्हा गाण्याच्या बाई येणाऱ्याजाणाऱ्याला मला दाखवायच्या, "बघा हो, मिनिटात पाणी गरम!" हल्ली कोण विचारतंय? बाईंचे यजमान, ज्यांना सगळे काका म्हणतात, ते तर येता-जाता मला भंगारात काढायच्या गोष्टी करतात.

त्या दिवशी संध्याकाळी बाईंचं मोठ्या सभागृहात गाणं होतं आणि सकाळपासून घसा बसलेला. मिठाच्या गुळण्या करायच्या म्हणून त्यांनी नव्याकोऱ्या, आतून गुळगुळीत काचेच्या मगात पाणी भरून माझ्या पोटात ठेवलं. मी इमानेइतबारे तापवलं. बाई दार उघडून बघतात तर एक बुडबुडा नाही!

"अहो, हे उकळतच नाहीये," बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या.

"म्हातारा झालाय तो. लाव अजून एकदा," काका बाहेरून ओरडले.

पुन्हा लावलं. बुडबुडा नाही. पुन्हा लावलं. अरे देवा, मला बोलता आलं असतं तर! पाणी केव्हाच उकळण्याच्या पलीकडे गेलं होतं. गुळगुळीत मगात बुडबुड्यांना धरायला जागाच मिळत नाही, मग पाणी मुकाट बसून राहतं, जणू आपण त्या गावचेच नाही. नुसता धक्का लागायचा अवकाश, किंवा आत काही पडायचा, की उसळलंच म्हणून समजा. आणि बाई तर चमचाभर मीठ घेऊन आल्या! माझ्या अंगाचं नुसतं पाणी पाणी झालं.

घाईघाईत पाण्याचा मग बाहेरही न काढता बाईंनी हात लांब करून मीठ आत टाकलं. भस्सकन सगळं पाणी उसळलं. माझ्या छतावर, दारावर आणि बाईंच्या मनगटावर. बाईंनी अशी किंकाळी फोडली की वरच्या मजल्यावरचे शेजारी खाली आले. उरलासुरला आवाजही त्यातच गेला.

काका धावत आले. बाईंचा हात त्यांनी नळाखाली धरला.

"आजचं गाणं..." बाई कुजबुजल्या.

"खड्ड्यात गेलं गाणं! डोळ्यांत नाही ना उडालं? बघ माझ्याकडे. नीट बघ!"

गाणं पुढे ढकललं. मनगट बरं झालं. आता पाणी तापवायचं म्हटलं की काका स्वतः येतात. आधी बुडबुड्यांना धरायला जागा म्हणून मगात लाकडी चमचा ठेवतात, मोजकाच वेळ लावतात आणि थोडं थांबून मगच माझं दार उघडतात. तेही बाईंना दोन पावलं मागे उभं करून!

"इतकी वर्षं संसार केला," बाई म्हणतात, "एवढी काळजी कधी केली नाहीत!"

मित्रांनो, तुम्ही मात्र कुणी भाजायची वाट बघू नका.