चक्रवाकांचं बेट

मी एक जुनी होडी आहे, मित्रांनो. इस्लामपूरच्या पुढे, कृष्णेच्या काठावर एका बाभळीखाली उपडी पडून असते.

कृष्णात नावाच्या एका सुतारानं मला सागाच्या फळ्यांतून घडवलं. पूल नव्हता तेव्हा शाळेतली मुलं, दुधाचे कॅन, वरातीतली नवरी, सगळ्यांना मी पैलतीरी नेलं. उतरताना माणसं माझ्या काठाला हात लावून नमस्कार करत. मग पूल झाला आणि तीच माणसं माझ्या डोक्यावरून जाऊ लागली. माझी मालकीण राहीबाई. तिनं मला विकलं नाही. पण दर उन्हाळ्यात बुडाला लागणारं डांबर एका वर्षी राहिलं, मग दुसऱ्याही वर्षी राहिलं.

गेल्या ऑक्टोबरात सांगलीहून भार्गवीताई आल्या. त्या कॉलेजात शिकवतात. नदीच्या मधोमध वाळूचं लहानसं बेट होतं. थंडीच्या तोंडावर हिमालयापलीकडची पाखरं तिथं उतरायची, ती त्यांना मोजायची होती. राहीबाईनं मला पाण्यात लोटलं आणि त्यांना घेऊन बेटाकडे निघाली. वर नदीच्या उगमाला, महाबळेश्वराकडं दोन दिवस पाऊस कोसळतोय, असं ती वाटेत म्हणाली. आमच्याकडे मात्र लख्ख ऊन होतं आणि वारा अगदी पडलेला.

बेटावर नारिंगी चक्रवाकांचा मोठा थवा बसला होता. भार्गवीताई दुर्बीण लावून मोजू लागल्या. इवले तुतवार पक्षी पाण्याच्या कडेनं पळत होते आणि दर फेरीला थोडे वर सरकत होते. माझं बूड वाळूवर टेकलं होतं. ते हळूच सुटलं. मला कुणी ढकललं नव्हतं.

राहीबाईनं पाण्यात हात घालून पाहिला. "ताई, निघूया. पाणी तांबडं व्हायला लागलंय."

भार्गवीताईंनी आणखी दहा मिनिटं मागितली. बारा वर्षांत एवढे चक्रवाक त्यांनी पाहिले नव्हते. तेवढ्यात सगळी पाखरं एकदम मुकी झाली आणि थवाच्या थवा उठला. आभाळात ससाणा नव्हता, घार नव्हती.

दोघी धावत माझ्याकडे आल्या तेव्हा पाणी गुडघ्याला लागलं होतं. भर धारेत माझी बुडातली फळी उकलली. भार्गवीताई जेवणाच्या डब्यानं पाणी उपसू लागल्या.

"मावशी, मला पोहता येत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"ठावं हाय. उपसत ऱ्हावा," राहीबाई म्हणाली. तिनं वल्हं थांबवलं नाही.

अर्धा कोस खाली वाहत जाऊन मी काठाच्या चिखलात रुतले. तेव्हा मी काठोकाठ भरले होते. राहीबाईनं माझ्या फुटक्या फळीवर हात ठेवला. "दोन वर्सं हिला डांबर लावलं न्हाई मी. चूक माझी हाय."

भार्गवीताई म्हणाल्या, चूक एकट्या तुमची नाही.

मग दोघींनी मागं पाहिलं. बेट उरलं नव्हतं. तांबड्या पाण्यावर चक्रवाक घिरट्या घालत होते, खाली येत होते आणि पाय न टेकवता पुन्हा वर जात होते.

मित्रांनो, जी वस्तू तुम्हाला पाण्यावर उचलून धरते, तिच्याकडे वर्षातून एकदा तरी वाकून बघा. त्या दिवशी दोघी वाचल्या. पण काठ आणखी शंभर हात लांब असता, तर हे सांगायला मी एकटीच उरले असते.