जपा हां

“तुला सांगितलंवतं की गं मी,” असं म्हणत विठाबाईने पायावरचं फडकं सोडलं.

अंगठा काळा पडला होता. कोडोलीत आशा सेविका म्हणून काम करताना वर्षाराणीने साखरेच्या पेशंटांचे पाय बरेच पाहिले होते.

“कवा सांगितलासा, आत्ती? मी हिकडं फिरकलेच न्हाय.”

“फोनवर. रोज सांजचं तूच फोन करतीस न्हवं? पायाला काय लागलं न्हाय न्हवं, म्हणून इचारतीस. मी म्हटलं, लागलंय. गोठ्यात खिळा घुसलाय. तू म्हणालीस, जपा हां. मग जपलं. हळद लावली.”

वर्षाराणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन तिचा नव्हता. आवाज मात्र तिचाच होता. गोळीची आठवण करून देणारा तो फोन आपोआप यायचा. आधी त्यात शहरातली कुणी बाई ‘औषधाचे सेवन केले असल्यास एक हा अंक दाबा’ म्हणायची. सेवन, अंक असले शब्द ऐकले की म्हाताऱ्यांना वाटायचं, बँकेचा फोन, आणि ते घाबरून ठेवून द्यायचे. कोल्हापुरातून हे काम बघणारा अनेकांत नावाचा पोरगा समजूतदार होता. तो म्हणाला, “ताई, लोकांना कळंल असं तुम्हीच बोला.” मग ती बोलली. “जेवलासा काय? साखरंची गोळी घेतली काय? घेतली असंल तर एक दाबा.” पायाची चौकशी आणि शेवटचं ‘जपा हां’ तिने पदरचं घातलं होतं. माणसाने एवढं तरी विचारू नये का? गाव भराभर एक दाबू लागलं. उभ्या जन्मात सुनेचं कौतुक न केलेली सासूसुद्धा चार बायकांत तिचं नाव काढू लागली.

दवाखान्यात विठाबाईचा अंगठा काढावा लागला. पाय वाचला. अनेकांतच्या कॉम्प्युटरवर मात्र म्हातारीच्या नावापुढे हिरवी खूण होती, कारण तिने एकही सांज न चुकता एक दाबला होता. ती बघून तो म्हणाला, “ताई, आता खरं काय ते सांगून टाकू.”

नवा फोन पहिल्यांदा आला तेव्हा वर्षाराणी मुद्दाम विठाबाईकडे गेली होती. फोन वाजला तशी म्हातारीने डोक्यावरचा पदर सारखा केला, फोन भाकरीच्या ताटाशेजारी ठेवला आणि ऐकू लागली.

“आत्ती, मामा, ह्यो माझा नुसता भरून ठेवल्याला आवाज हाय. तुम्ही बोल्ल्यालं मला ऐकू येत न्हाय. गोळी घेतली असंल तर एक दाबा. काय दुखत-खुपत असंल तर दोन दाबा, मंजी मी सोता बोलते.”

विठाबाईने एक दाबला. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.

“मंजी म्हशीचं, लेकाचं, समदं सांगत हुते, ते?”

“न्हाय ऐकलं, आत्ती.”

“ह्यांच्या शेवटच्या दुखण्याचं बी?”

वर्षाराणीने मान खाली घातली. विठाबाईने फोन उचलून उलटापालटा करून पाहिला आणि परत ठेवला.

“मग दुखत न्हाय, नुसतंच बोलायचं असलं, तर काय दाबायचं?”

म्हातारीनेच बँडेजचा पाय आवरून घेतला आणि शेजारचा पाट वर्षाराणीकडे सरकवला.

“बस. म्हशीपास्नं सांगते.”