खारात बुडवलेल्या काड्या

मित्रांनो, माझ्या पोटाकडे बघून हसू नका. पोट मोठं आहे म्हणूनच मी कामाची आहे. चीनच्या सिच्वान प्रांतातल्या एका नदीकाठच्या गावातली मी लोणच्याची बरणी, आणि माझं वय म्हणाल, तर माझ्या बरोबरीच्या बरण्यांमध्ये लोक आता फुलझाडं लावतात.

माझा जन्म नदीपलीकडच्या कुंभारांच्या भट्टीतला. अंग तपकिरी, चकचकीत, आणि गळ्याभोवती पन्हाळीसारखी खोल कड. त्या कडेत पाणी भरायचं आणि वर वाडगा पालथा घालायचा, की बाहेरचं वारं आत शिरत नाही. मला घ्यायला आल्या त्या माझ्या आताच्या मालकिणीच्या, म्हणजे गुइरोंगच्या, सासूबाई. बाई भारी चोखंदळ! आधी बोटांनी टकटक करून माझा आवाज ऐकला. मग कडेत पाणी भरलं, पोटात पेटता कागद टाकला, वर वाडगा ठेवला आणि कान लावून बसल्या. मी कडेतलं पाणी गटागटा आत ओढून घेतलं. "कुठे भेग नाही हो हिला," त्या खुशीत म्हणाल्या, आणि मी त्यांच्या घरची झाले.

त्यांनी माझ्यात खार घातला. उकळून निववलेलं पाणी, मीठ, आलं, मिरच्या, तिरफळं आणि घोटभर धान्याची दारू. त्यात मुळा मुरायचा, चवळीच्या शेंगा मुरायच्या, मोहरीचा पाला मुरायचा. भाज्या संपायच्या, नव्या पडायच्या. खार मात्र तोच राहायचा आणि वर्षागणिक मुरत जायचा. सासूबाई गेल्या तेव्हा घरातल्या वस्तूंची वाटणी झाली. गुइरोंगने फक्त मला मागितलं.

नणंद हसली. "अगं वहिनी, बांगड्या सोडून बरणी कसली मागतेस?"

"बांगड्यांना आईंच्या हातची चव आहे का?" गुइरोंग म्हणाली. त्या दिवशी मला किती धन्य वाटलं म्हणून सांगू!

तेव्हापासून मी तिच्याबरोबर बाजारात बसते. एका बाजूला चिउ काकांचा टोफू, दुसऱ्या बाजूला फांग काकूंच्या नूडल्सची गाडी. हे दोघं नवरा-बायको, पण दुकानं वेगळी, कारण एकत्र बसले तर दिवसभर भांडतात. लोक लांबून यायचे, नाक पुढे करून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "हाच तो जुना खार!" मी फुगायचे. मग प्लास्टिकचे हलके डबे आले. गुइरोंगचा नवरा म्हणाला, "टाक की ही धोंड." ती मला ओल्या फडक्याने पुसत राहिली.

आणि मग बाजारात आला परदेशी मास्तर. शाळेत इंग्रजी शिकवायला आलेला, ताडमाड उंच, लाल दाढीचा. नाव अँगस. बाजाराने त्याचं आन मास्तर करून टाकलं. फांग काकूंकडे लाल तिखट तेलातल्या नूडल्स खायचा आणि गुइरोंगकडून वर एक मुळ्याची फोड मागून घ्यायचा. सगळ्यांचा लाडका.

आता नीट ऐका. माझ्या खाराला तेल चालत नाही. एक थेंब पडला तरी तो बिघडतो. म्हणून माझ्यातल्या फोडी उचलायला लांब, कोरड्या, स्वच्छ काड्या खिळ्याला वेगळ्या टांगलेल्या असतात. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. मास्तरला कोण सांगणार? एकदा गुइरोंग गिऱ्हाईक करत होती. तिला कशाला त्रास द्यायचा, असा विचार करून त्या भल्या माणसाने नूडल्सच्या तेलाने माखलेल्या आपल्या जेवायच्या काड्या सरळ माझ्यात बुडवल्या आणि मुळा उचलला.

चिउ काकांच्या हातातला टोफू सटकला. गुइरोंगच्या तोंडचं पाणी पळालं. पण आमच्याकडे पाहुण्याला भर बाजारात बोलत नाहीत, त्याची मान खाली जाते. ती कशीबशी हसली. "वा वा, मास्तर! काय छान उचललात! घ्या, हवं तेवढं घ्या!"

झालं! मास्तर खूश. पुढच्या बाजाराला आला तो काड्या नाचवतच. बुडवल्या. गुइरोंग पुन्हा म्हणाली, "छान!"

माझ्या खारावर पांढरी साय धरली. मुळे बुळबुळीत झाले. माझा जीव घुसमटत होता, पण बरणीला बोलता कुठे येतं? गुइरोंगने साय काढली, मीठ घातलं, दारू घातली आणि माझ्या कडेला डोकं टेकून बसली. "आई, तुमचा खार जातोय हो," ती पुटपुटली. आईंच्या हातचं तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

"तोंड शिवलंय का तुझं?" चिउ काका चिडले. "सांग त्याला!"

"कसं सांगू, काका? दुसऱ्या देशातून आलाय तो."

"मग मी बघतो. त्याचं नाव न घेता त्याला कळेल असं बोलतो."

पुढच्या बाजाराला मास्तर नूडल्स खात असताना काका आपल्या बायकोवर ओरडले, "काय गं ए! तेलाच्या काड्या लोकांच्या बरणीत घालतेस? लाज नाही वाटत?"

हा बेत फांग काकूंना कुणी सांगितलाच नव्हता. त्या झारा उगारून उठल्या. "मी? मी घातल्या? डोळे फुटलेत का तुमचे? इतकी वर्षं झाली, हिच्या बरणीला बोट लावलं नाही मी!"

"अगं, तुला नाही म्हणत—"

"मग कोणाला म्हणताय, त्या कोंबडीला?"

सगळा बाजार जमला. मास्तर बिचारा हातातला वाडगा सांभाळत मध्ये धावला. "भांडू नका, भांडू नका! काकू, थोडा मुळा खा, बरं वाटेल." आणि लाल तेलाने थबथबलेल्या काड्या घेऊन वळला तो थेट माझ्याकडे.

"हात काढ मेल्या!"

मित्रांनो, तो आवाज गुइरोंगचा होता. इतक्या वर्षांत मी तिचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. मास्तरचा हात हवेतच राहिला. कोंबड्यासुद्धा गप्प झाल्या.

"तेल लागलंय काड्यांना! तेलानं खार मरतो! माझ्या सासूबाईंचा खार आहे तो!" एवढं बोलून ती रडायलाच लागली.

मास्तर कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे... त्या दोन्ही वेळा? मग तुम्ही छान का म्हणालात?"

"तुम्ही पाहुणे. पाहुण्याला कसं बोलायचं?"

तो तिथेच खाली बसला. "वर्ष झालं मला इथे येऊन. काहीही करा, सगळे छान म्हणतात. तुमची भाषा मोडकीतोडकी बोललो, छान. चुकीच्या घरात शिरलो, तरी छान. घरी जाऊन मी विचार करत बसतो, आज काय चुकलं असेल? कोणी सांगतच नाही." त्याचे डोळे भरून आले आणि दाढीतून हसूही फुटलं. "माझी आई अशीच ओरडते. फार दिवसांनी ऐकलं."

"एवढंच ना?" फांग काकू म्हणाल्या. "मग रोज ओरडू की! मला काय, घरी सवयच आहे."

मग सगळे माझ्या सेवेला लागले. बिघडलेल्या भाज्या काढल्या. कापडातून खार गाळला, मला धुऊन, उन्हात वाळवून पुन्हा भरलं. काकांनी आपली जपून ठेवलेली दारू आणली. मास्तर शाळा सुटल्यावर येऊन कडेतलं पाणी बदलायचा आणि वाकून वाकून आत बघायचा. सायीने पुन्हा डोकं वर काढलं नाही. तरी धाकधूक होतीच. नवा मुळा मुरला, तेव्हा गुइरोंगने हात धुऊन, कोरड्या काड्यांनी एक फोड काढली आणि जिभेवर ठेवली. काका-काकू भांडायचं विसरून तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

ती बराच वेळ चघळत होती.

"आहेत," ती म्हणाली. "आई आहेत."

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी बरणी तुमच्याही घरी असेल. तिच्यात ओला, खरकटा चमचा घालू नका. ती जुनी झाली म्हणून अडगळीत टाकू नका. आणि कोणी चुकत असेल तर पहिल्याच दिवशी सांगा, गोड गोड बोलून त्याला परका ठेवू नका.

आता बाजाराच्या दिवशी मास्तर लांबून दिसला, की गुइरोंग सगळ्या गर्दीवरून ओरडते, "ए आन, आधी हात धू!"

"धुतो, ताई!" म्हणत तो नळाकडे पळतो. त्याला तेव्हा इतका आनंद झालेला असतो!