धामणगावची पोती

"तूर हाय, मशीन हाय, माणसं हायेत. डाळ भरू कशात?" ज्योत्स्नाने विचारलं. किशोरशेठ खिडकीबाहेर पाहू लागले.

किशोरशेठच्या अकोल्यातल्या डाळमिलचं गोदाम ज्योत्स्ना एकवीस वर्षं सांभाळत होती. गेल्या वर्षी शेठनी स्वस्त पडतं म्हणून पोत्यांचं सगळं काम गुजरातच्या एकाच कारखान्याला दिलं. गोदामात चार दिवसांपुरतीच पोती ठेवायची, असंही ठरवलं. ज्योत्स्नाने तेव्हाच तोंडावर नको म्हटलं होतं. आता त्या कारखान्यात संप झाला आणि मंगळवारपासून मिल बंद पडली. निम्मा माल उचलणाऱ्या अमरावतीच्या व्यापाऱ्याने शनिवारपर्यंत वाट पाहीन, मग दुसरी मिल धरीन, असं कळवलं.

तिने धामणगावला नत्थुजींना फोन लावला. पंधरा वर्षं मिलची पोती तेच शिवत. शेठनी ते काम एका फोनवर बंद केलं होतं. नत्थुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि शेठला आज आपली आठवण काहून आली, एवढंच विचारलं.

"तुमाले सोता यावं लागते," फोन ठेवून ती शेठना म्हणाली.

गाडीत शेठ दर किती सांगावा तेच विचारत राहिले. दराचं बोलूच नका, असं तिने बजावलं.

नत्थुजींच्या टिनाच्या शेडमध्ये सहा मशीन होत्या, दोनच चालू. त्यांनी एकुलती एक खुर्ची ज्योत्स्नापुढे सरकवली. शेठ उभेच राहिले.

"मले दर वाढवून नको," नत्थुजी म्हणाले. "दर महिन्याले काम पाह्यजे, थोडं का असेना. माह्या बाया घरी बसल्या, शेठ."

शेठनी बंद पडलेल्या चार मशीनकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझं चुकलं. पोत्यांच्या कामाचा तिसरा हिस्सा तुमचा, कायमचा."

नत्थुजींनी माळ्यावरून फडक्यात गुंडाळलेला, पोत्यांवर मारायचा मिलच्या नावाचा छापा काढला. "फेकला नवता," ते ज्योत्स्नाला म्हणाले.

बोलावणं जाताच तीन बाया आल्या. चौथी पुण्याला निघून गेली होती, तिची मशीन तशीच राहिली.

शुक्रवारी दुपारी पोती आली, मिल सुरू झाली. शनिवारी सकाळी ट्रक अमरावतीला निघाला. शेठनी गोदामाच्या दारात येऊन विचारलं, पोती किती दिवसांची ठेवायची?

"पंधरा," ती म्हणाली.

त्यांनी मुकाट्याने लिहून घेतलं.

ते गेल्यावर ज्योत्स्नाने मिलच्या बाजूच्या भिंतीला तळहात टेकवला. भिंत थरथरत होती. तिने हात बराच वेळ तसाच ठेवला.